एक रविवार तिचा, एक माझा

२८ ऑक्टो., मंगळ.
फ्लेक्सचं डिझाइन परत पाठवलं. त्या पोराने प्रतीकच्या मुंडक्याखाली मोबाइलवरची वर्दी चिकटवली, खांद्यावर तीन स्टार. प्र. अजून बेळगावला फौजेच्या ट्रेनिंगला पोचला नाही आणि ह्याने त्याला कॅप्टन करून टाकला. म्हटलं साध्या शर्टातला फोटो घे. तर म्हणे, "काका, समदे असाच घेत्यात." घेऊ देत.
संध्याकाळी पेठ फाट्यावर लागला. सरळ, चारी दोऱ्या सारख्या ताणून. खाली माझं नाव, वर्कशॉपचं नाव.
अवसरीत सुमनच्या भावाने त्यांचा वेगळा लावलाय. त्यावर आई म्हणून सुमनचं नाव, मामाचं नाव. बापाचं नाही. स्टार मात्र तीन आहेत. बघून बरं वाटलं.

३० ऑक्टो., गुरु.
पुणे स्टेशन. दोन्ही पार्ट्या हजर. घटस्फोटाला आठ वर्षं झाली, त्यानंतर सुमन आणि मी एका ठिकाणी एवढा वेळ उभे राहिलो नव्हतो. प्र. मधे. तिचा डबा, माझा डबा, दोन्हींत शेंगदाण्याची चटणी. प्र. म्हणाला, "एकमेकांना इचारलं असतं तर एकानं लाडू तरी दिलं असतं." हसला. आम्ही दोघांनी गाडीकडे बघितलं.
इतकी वर्षं आमचे निरोप तोच न्यायचा. आठवडाभर तिच्याकडे अवसरीत, रविवारी माझ्याकडे मंचरला. फी भरली का, ताप उतरला का, सगळं त्याच्या तोंडून.
फोन फक्त रविवारी हातात मिळणार, तोही थोडा वेळ. त्याने ठरवून टाकलं, एक रविवार आईला, एक मला. पहिला तिला. ठीक आहे. (ठीक नाही, पण असो.)

५ नोव्हें., बुध.
शेतपंपाच्या मोटरी जळून येतायत. कांदा लागवड आणि व्होल्टेज कमी. दिवसभर मान वर नाही.
सकाळी जाग मात्र पळायच्या वेळेला आलीच. भरतीसाठी वर्षभर रोज पहाटे अवसरीला जायचो. बिबट्याच्या भीतीने त्याला अंधारात एकटं सोडता यायचं नाही, म्हणून तो पुढे आणि मी मागे मोटरसायकलवर, हेडलाइट त्याच्या पायांवर. भरतीच्या अकॅडमीत घातला नाही. टाच आधी टेकते की चवडा, श्वास कितव्या पावलाला सोडायचा, सगळं स्वतः बघून बघून शिकलो आणि मग त्याला शिकवलं. मोटरीत तार भरायचं वायंडिंगसुद्धा असंच शिकलो, कोणाच्या हाताखाली नाही. पहिल्याच भरतीत निवडला गेला पोरगा.
परवाच्या रविवारी आईशी काय बोलला, कळायला मार्ग नाही. निरोप्याच गेला.

९ नोव्हें., रवि.
आला फोन! "एकदम ओके पप्पा." जेवण भारी, पोरं चांगली, पळण्यात पहिला. दोनदा विचारलं, दोनदा पहिला म्हणाला. आवाज जरा बसलेला, ओरडून ओरडून बसत असेल.
टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. फाट्यावर जाऊन फ्लेक्सची एक दोरी सैल झालेली ती आवळली.

१७ नोव्हें., सोम.
सुमन वर्कशॉपवर आली. कधी पायरी चढली नव्हती. टेम्पोत मोटर घालून आणली, जळली म्हणे. उघडली. वायंडिंग कोरं, जळका वास नाही. केबलचं एक टोक तेवढं उपटलेलं, वर पकडीचे वण ताजे. मी म्हटलं ही बिघडलेली नाही, बिघडवलेली आहे.
"ठाव हाय. मीच वडलं. तुमच्याकडं मोकळ्या हातानं कशी येऊ?"
चहा सांगितला. चहा येईपर्यंत ती मोटरकडेच बघून बोलली. काल तिची बारी होती. प्र. फोनवर रडला. दोन्ही रविवार रडला. नडग्या सुजल्यात, मैदानावर कडेला बसवतात, बाकीचे पळताना बघत बसतो. जमत नाही, घरी येऊ का विचारतो. अजून सोडून येता येतं म्हणे.
मी म्हटलं मला तो पहिला येतो म्हणाला.
"तुमाला दुसरं काय सांगंल? तुमी आधी टाच बघणार, मग पोरगं."
मग म्हणाली, "येऊ का म्हणतो आन् वर म्हणतो, पप्पांनी फाट्यावर बोर्ड लावलाय, त्याच्याखालनं कसा येऊ."
चहा तिने अर्धा ठेवला. जाताना सांगून गेली, त्याने मला कळू द्यायचं नाही म्हणून शपथ घातली आहे. ती तिने मोडली, पुढचं मी बघावं.

१८ नोव्हें., मंगळ.
राग. सगळ्यांचा. सुमनने लाडावला म्हणून असं, हे लिहिलं होतं, खोडलं. ती दोन आठवडे एकटी ऐकत होती.
पण परत येऊन करणार काय? माझ्याबरोबर मोटरी भरणार? मी भरल्याच की. मग मला एवढं का लागतंय
दोन मोटरी राहिल्या. हात चालला नाही.

२० नोव्हें., गुरु.
सकाळी फाट्यावर जाऊन फ्लेक्स काढला. शिडी धरायला आलेला म्हणाला, "का वो भाऊ, पोराचं ट्रेनिंग झालं पण?" म्हटलं वाऱ्याने फाटायला लागला. कुठेही फाटलेला नव्हता. प्र.चा चेहरा आत येईल असा गुंडाळला.
सुमनला फोन केला. सरळ तिच्या नंबरवर, असा पहिलाच. म्हटलं भावाला सांग, तुमचाही उतरवा.
"कवाच काढलाय. मेंढरांच्या वाड्यावर टाकलाय, थंडीचा."
म्हणजे माझ्याकडे यायच्या आधीच. भावाशी भांडली असणार त्यासाठी. बोलली नाही.
रविवारी वर्कशॉपवर ये म्हटलं. "तुमच्या बारीला मी कशाला?" मी म्हटलं ये. ठेवला फोन.

२३ नोव्हें., रवि.
आली. लांबच्या स्टुलावर बसली. शटर अर्धं खाली.
फोन आला. "एकदम ओके पप्पा." तेच, त्याच चालीत. जेवण भारी. मी मधेच विचारलं, पाय कसे आहेत?
पलीकडे पोरांचा गलका.
"आईनं सांगितलं?"
हो म्हटलं. तिला बोलू नकोस म्हटलं. पुढचं तीन दिवस मनात जुळवून ठेवलं होतं, ते तसं आलं नाही. एवढंच म्हणालो, "यायचं असंल तर ये. ऱ्हायचं असंल तर ऱ्हा. बोर्ड काढलाय. त्यांचाबी काढलाय."
त्याने विचारलं, "आई हाय का तिथं?"
"हाय."
"तुमी दोघं? एका जागी?" हसला की रडला, आवाजावरून कळलं नाही. सुमनने फोन मागितला नाही, फक्त स्टूल जवळ ओढलं. मी स्पीकर लावला.
दुखतं म्हणाला. रात्री जास्त. कुठे विचारलं, तर नडगीच्या आतल्या बाजूने, खाली. सूज उतरतेय का, डॉक्टरने काय दिलं, सगळं नीट, एकेक सांगितलं. मी हूं हूं करत राहिलो. पळण्याचं मी विचारलं नाही. येणार का, तेही नाही. तिने तोंड उघडलं होतं, मी हाताने थांबवलं, मग वाटलं थांबवायला नको होतं. तेवढ्यात मागून कोणी हाक मारली. "ठेवतो," म्हणाला, आणि ठेवला.
सुमन फोनकडेच बघत होती. "मंग? येतोय का ऱ्हातोय?"
म्हटलं, नाही बोलला.
"आन् तुमाला काय पायजे?"
आठ दिवसांमागे विचारलं असतं तर लगेच सांगितलं असतं.