न्हाणीचं दार

बोथ
मार्गशीर्ष शुद्ध ४, शके १८६२

तीर्थस्वरूप सौ. रमावन्सं यांस,
चारुलतेचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे बंधू आदिलाबादेस तुमच्याकडे सुखरूप पोचले, हे गाडीवानानं परत येऊन सांगितलं तेव्हा जिवात जीव आला. ते तिथं काही बोलले नसतील. भलतंच काही तुमच्या कानी पडण्याआधी मीच लिहिते.

मिरगीच्या भीतीनं ते न्हाणीत गेले की मी दाराबाहेर बसते, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्यांनी कडी लावावी, पण स्तोत्र मोठ्यानं म्हणत राहावं, असं आमचं ठरलेलं. आवाज चालू आहे तोवर माणूस उभा आहे. लग्न झाल्यापासून ते स्तोत्र मी रोज ऐकते, पण देवासाठी म्हणून एकदाही ऐकलं नाही. आठ दिवसांमागं मधेच आवाज बंद झाला. हाका मारल्या, ओ नाही. गेल्या साली चुलीपाशी पडले होते, तेच डोळ्यांपुढं आलं. मी मिरगी मिरगी म्हणून ओरडत सुटले. शेजारचे पांडुरंगराव कुऱ्हाड घेऊन धावले आणि त्यांनी दार फोडलं. आत हे धडधाकट उभे, अंगावर चिंधी नाही, आणि दाराशी अर्धी आळी. एक दिवस तरी मुकाट्यानं आंघोळ करावी म्हणून गप्प राहिलो, असं म्हणाले.

वन्सं, हसावं की रडावं ते कळेना. पांडुरंगराव तहसिलात यांच्या शेजारीच बसतात. तिथं आजवर आजाराचा कुणाला पत्ता नव्हता, तो मीच ओरडून दिला. त्या दिवसापासून माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. कचेरीत रजेची रुखसत टाकली आणि तुमच्याकडे निघाले. त्यांना समजावून परत पाठवा. तोवर न्हाणीत एकटं सोडू नका, पदर पसरून मागते.

आहे ती माया उणी होऊ देऊ नये, ही विनंती.
आपली
चारुलता


आदिलाबाद
मार्गशीर्ष शुद्ध ११

चि. सौ. चारुलता हीस रमाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आमी पोट धरून हसलो, मग माझं मलेच वाईट वाटलं. उद्धव इथं मजेत हाय. दोन वेळा पोटभर जेवते, बाजारात हिंडते, आमच्या यांच्यासंगं सोंगट्या खेळते अन् हरला की रुसते. न्हाणीत कडी लावून घटकाभर बसते. मी विचारत नाही. बाई, माणूस हाय तो, रांगतं लेकरू नाही. तू त्याले दिवसभर राखून राह्यली तर तो घुसमटणारच. काऊन इतकं भ्यावं? आल्यापासून एकदा बी मिरगी आली नाही.

घरी कदी जातो म्हटलं की उठून जाते. मी जोर करत नाही. तू बी जरा हातपाय पसरून झोप. रागानं लिहिलं नाही, हे समजून घे.

तुझी
रमाबाई


आदिलाबाद
मार्गशीर्ष वद्य ५

चि. सौ. चारुलता हीस अ. आ.

उद्धव बरा हाय, हे आदी वाच. काल न्हाणीत पडला. कडी आतून. कढत पाण्याचा हंडा पायावर गेला. धाडकन आवाज आला अन् मी दारापाशी उभी. कुऱ्हाड घरातच होती. पण तो उघडा असल, यांच्यासमोर लाजल, तुझ्यासारखंच हसू होईल, म्हणून नुसती नाव घेऊन रडत राह्यले. शेवटी शुद्धीवर येऊन त्यानंच कडी काढली. डाक्टरनं पट्टी बांधली हाय.

आज मी दाराशी बसले. एका आंघोळीत माझा जीव अर्धा झाला. तू कसं काढून राह्यली गं इतके दिवस? खाली उद्धव लिहिते ते वाच.
रमाबाई

चि. सौ. चारुलता हीस आशीर्वाद.
पाय ठणकतो आहे, पण सोसवतं. फरशीवर शुद्ध आली तेव्हा आधी बरं वाटलं, की डोळे उघडताच कुणाचं भेदरलेलं तोंड दिसलं नाही. मग कडीपर्यंत हात पोचेना. दाराआड ताई रडत होती. तिथं तू हवी होतीस.
मी घरी येऊ का, ते लिही. नको म्हणालीस तर राग धरणार नाही.
उद्धव


बोथ
मार्गशीर्ष वद्य ९

श्रीचरणी चारुलतेचा साष्टांग नमस्कार वि. वि.

आपलं व वन्संचं पत्र पोचलं. तहसीलदारांनी आपल्याला भेटायला सांगितलं आहे, असा पांडुरंगरावांचा निरोप आहे. नोकरीचं काय होईल ते सांगता येत नाही. पांडुरंगराव मला तोंड चुकवतात, मी त्यांना.

आपण पडलात हे वाचलं तेव्हा मनात पहिलं काय आलं, ते लिहिते. बरं झालं, मी तिथं नव्हते. काळजी मागून आली. पाय भाजल्याचं तर दुसऱ्यांदा वाचताना ध्यानात आलं. मग माझीच मला किळस आली आणि पत्र पुढ्यात घेऊन पुष्कळ रडले.

आपण विचारता, येऊ का. मी फार दमले आहे. आपण नव्हता तेव्हा मी सकाळी उन्हं वर येईपर्यंत झोपले, जेवण गरम असताना जेवले, समोरच्या प्रयागबाईंच्या अंगणात बसून पापड लाटले. ते मला आवडलं. आता आलात तर मी पूर्वीसारखी सापडणार नाही. चिडेन. दुपारी प्रयागबाईंकडे जाईन, तेवढ्यात आपण पडलात तर पडलात. रोज आठही प्रहर भ्यायचं आता मला जमत नाही.

हे कबूल असेल तर सोमवारी गाडी पाठवते. कबूल नसलं तरी पाठवते.

ममता असू द्यावी.
आपली
चारुलता