नेट आलं की रिपोर्ट वाचणार

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ९.

...दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला होता, चादरी भिजत घातल्या होत्या आणि गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय इस्त्री करून दुसरा हातात घेतला होता, तेवढ्यात आतल्या खोलीतून यांनी हाक मारली. जरा येतेस का? मी म्हटलं, इस्त्री तापलीय, दोन मिनिटं. दुसरा पाय पुरा केला, घडी घातली, मग गेले. तोवर यांनी लॅपटॉप मिटला होता. म्हणाले, काही नाही गं, चहा टाक. त्या सकाळी यांच्या ईमेलवर यांचा रिपोर्ट आला होता, हे मला अकरा दिवसांनी कळलं. तीन वर्षं झाली त्याला.

आजच हे का आठवावं, कळत नाही. लॅपटॉप समोर आहे म्हणून असेल.

आज दुपारी चारनंतर माझा रिपोर्ट येणार. छातीत डावीकडे वाटाण्याएवढी गाठ आहे, तिचा तुकडा तपासायला दिलाय. मुलीला सांगितलेलं नाही. ती दुसऱ्या शहरात, तिची नोकरी, तिचा संसार. रिपोर्ट नीट वाचून, समजून घेऊन मग सांगेन. घाबरण्यासारखं काही नाही. मी घाबरलेली नाही.

मशीन आठ महिने रोज विचारत होतं, अपग्रेड आत्ता करायचं की नंतर? रोज 'नंतर' दाबलं. आज 'आत्ता' दाबलं. कामं साठवून ठेवू नयेत.

संध्याकाळी ५.

अपग्रेडला सहा तास लागले. निळ्या पडद्यावर अक्षरं: आम्ही तुमच्यासाठी सगळं तयार करत आहोत. मशीन बंद करू नका. मग: तुमचं सगळं जिथल्या तिथे आहे. विचारलं नव्हतं मी.

वाय-फाय गेलं. नेटवर्कच्या यादीत काही नाही. रिपोर्ट आज वाचता येणार नाही. माझा नाइलाज आहे.

बुधवार, ५ मार्च.

दुरुस्ती स्वतः करायची ठरवली. सातवीत शाळा सुटली, पण त्यानंतर वाचायची थांबले नाही. शिलाई मशीन मी पुस्तक वाचून दुरुस्त केलंय, हे तर त्याहून हलकं आहे. वाचनालयातून कॉम्प्युटर दुरुस्तीचं जाड पुस्तक आणलं. वाय-फायचं प्रकरण चौदावं. पण पुस्तक प्रस्तावनेपासून वाचायचं, ही माझी शिस्त. आज प्रस्तावना आणि कॉम्प्युटरचा इतिहास. उद्या प्रकरण दुसरं.

शुक्रवारपर्यंत नेट सुरू होईल.

गुरुवार, ६ मार्च.

आमचे हे असताना वजनकाटे दुरुस्त करायचे. यांचा नियम होता: एका वेळी एकच बदल करायचा, वहीत लिहायचा आणि एक दिवस थांबायचं. तोच नियम मी धरलाय.

आजचा बदल: राउटर बंद करून चालू केला. सगळे दिवे हिरवे. म्हणजे बाहेरून येतंय. दारापर्यंत येऊन उभं राहिलंय, फक्त आत घ्यायचं बाकी आहे.

दिवसभर शिवताना त्या दिव्यांकडे पाठ करून बसले. उजेड डोळ्यांवर येतो म्हणून.

शुक्रवार, ७ मार्च.

समोरचे घड्याळवाले आले. दुकान बंद करून पाच वर्षं झाली, तरी कुणाच्याही घरात काही बिघडलं की त्यांच्या बोटांना कंड सुटते. म्हणाले, वहिनी, माझ्या फोनचं नेट जोडून देतो, दोन मिनिटांत तुमचं काम. मी म्हटलं, परक्याच्या नेटवर आपली पत्रं वाचू नयेत, पुस्तकात लिहिलंय. ते म्हणाले, गेल्या आठवड्यात माझी साखर चालली, आता नेट चालत नाही होय? म्हटलं, साखरेवर पासवर्ड नसतो. हसत हसत गेले. दारात वळून म्हणाले, वहिनी, काही तातडीचं नाही ना? म्हटलं, छे.

प्रकरण तिसरं: कीबोर्ड कसा पुसावा. पुसला.

रविवार, ९ मार्च.

आज मुलीच्या व्हिडिओ कॉलचा दिवस. नेट नाही, म्हणून तिने माझ्या बटणांच्या फोनवर केला. तिथून सुरुवात: आई, तुला शंभरदा सांगितलं होतं, अपग्रेडला हात लावू नकोस. म्हटलं, कामं साठवू नयेत. ती म्हणाली, हो का? आणि माळ्यावरच्या बाबांच्या पेट्या? विषय बदलला. मग तिने विचारलं, आवाजाला काय झालंय तुझ्या? म्हटलं, फोन जुना आहे गं. ती म्हणाली, फोन गेल्या रविवारीही जुनाच होता.

वकील व्हायला हवी होती.

सोमवार, १० मार्च. सकाळी ११.

हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरच्या बाईंचा फोन. रिपोर्ट पाहिलात का? म्हटलं, आमचं नेट बंद आहे. त्या म्हणाल्या, मग इथेच या, डॉक्टर समजावून सांगतील. म्हटलं, रिपोर्ट न वाचता येऊन मी विचारणार काय? त्या म्हणाल्या, बरं, मग नेट कधी येईल? म्हटलं, पाचव्या प्रकरणावर आहे. मग हळू आवाजात म्हणाल्या, मावशी, मला फोनवर सांगता येत नाही, पण डॉक्टरांनी लवकर या म्हटलंय.

लवकर हा शब्द त्या सगळ्यांनाच वापरत असणार. गर्दी असते तिथे.

दुपारी दोन झिपा बदलल्या. एक उलटी लागली.

मंगळवार, ११ मार्च.

पाचव्या प्रकरणाचा कंटाळा आला म्हणून सहज चौदावं उघडलं. पहिलाच उपाय: जुनं नेटवर्क मशीनला विसरायला लावा आणि नव्याने जोडा. मशीन विचारतं, हे नेटवर्क विसरायचं? 'हो' दाबायला वेळ गेला. यांनी जोडून दिलेलं ते. पासवर्ड राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर, यांच्याच अक्षरात. यांचा सात आणि एक सारखाच दिसतो. तिसऱ्या वेळी बरोबर लागला.

११ वाजून २० मिनिटांनी नेट आलं.

ईमेल उघडायला लागलं. न वाचलेली नऊ. वरून दुसरं हॉस्पिटलचं. विषयात माझं नाव, आडनाव, वय.

पण अशा अर्धवट दुरुस्तीवर भरवसा ठेवू नये. ताप उतरला म्हणून माणसाला त्याच दिवशी कामाला पाठवतात का? पुस्तकातला दुसरा उपायही करून टाकावा, म्हणजे काम पक्कं. दुसरा उपाय: वाय-फाय अ‍ॅडॅप्टर डिसेबल करा, मग एनेबल करा. डिसेबल केलं. ११ वाजून २४ मिनिटं. नेट गेलं.

एनेबल उद्या. एका वेळी एकच बदल.

बुधवार, १२ मार्च.

आज एनेबल करणार होते. पण गिऱ्हाइकाचा कोट आला, बाह्या आखूड करायच्या. संध्याकाळी पुस्तकात नवीच अडचण वाचली: अपग्रेडनंतर नवा ड्रायव्हर, म्हणजे वाय-फाय चालवणारा प्रोग्रॅम, लागू शकतो आणि तो नेटवरून उतरवून घ्यावा लागतो. म्हणजे नेट यायला नेट हवं. आता माझ्यासारखीने काय करावं? पुस्तक लिहिणाऱ्याला पत्र लिहायचं ठरवलं. पोस्टाने.

गुरुवार, १३ मार्च.

कापड कापताना डावा हात भरून येतो. कात्रीची धार गेलीय. चौकात जाऊन धार लावून आणली. हात तसाच. कात्री बदलायला हवी.

हॉस्पिटलचा पुन्हा फोन. मी तो टेबलावर वाजू दिला. अकरा वेळा वाजला. मग थांबला. मग पुन्हा. हिरवे दिवे, वाजणारा फोन आणि मी, अशी तिघं खोलीत. शेवटी मी बाहेर गॅलरीत जाऊन बसले. समोरून घड्याळवाले ओरडले, वहिनी, फोन वाजतोय! म्हटलं, माहितीये. ते म्हणाले, मग उचला की! म्हटलं, चुकीचा नंबर आहे. ते म्हणाले, न उचलता कसं कळलं?

या माणसाला काही काम नाही.

शनिवार, १५ मार्च.

मुलीने परस्पर दुरुस्तीवाल्या बाईंना पाठवलं. पन्नाशीच्या, गळ्यात चष्मा, हातात छोटी पेटी. आधी मी त्यांना माझी वही दाखवली, रोजचा बदल, तारीख, वेळ. त्या म्हणाल्या, काकू, अशी नोंद आमच्या दुकानातसुद्धा कुणी ठेवत नाही. मला बरं वाटलं.

मग त्यांनी पडद्यावर दोन ठिकाणी दाबलं आणि म्हणाल्या, हे तर बंद करून ठेवलंय. म्हटलं, अपग्रेडने झालं असेल. त्या म्हणाल्या, अपग्रेड असं करत नाही, हे हाताने केलंय. मग वहीचं पान त्यांनीच उलटलं. अकरा तारीख, ११.२४. बोट त्या ओळीवर ठेवून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, चार दिवस झाले की हो. चालू का नाही केलं?

मी चहा विचारला.

त्यांनी एकदा दाबलं आणि नेट आलं. एकापाठोपाठ ईमेल यायला लागली. त्या म्हणाल्या, हॉस्पिटलची चार दिसतायत, उघडून देऊ? मी म्हटलं, नको. जरा मोठ्याने म्हटलं गेलं. त्यांनी पेटी मिटली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, माझ्या बहिणीच्या वेळी मीही लिफाफा चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरत होते, काकू. मग चहा न घेता गेल्या.

मी लॅपटॉप मिटला. जोडणी टिकते का, ते चोवीस तास पाहायचं. हे तांत्रिक आहे.

रविवार, १६ मार्च.

चोवीस तास झाले. जोडणी टिकली. रविवारी असली कामं करू नयेत.

मुलीने व्हिडिओ कॉल लावला. तिचा चेहरा चौदा दिवसांनी पाहिला. म्हणाली, आई, बारीक झालीस. म्हटलं, कॅमेरा. ती म्हणाली, कॅमेऱ्यात माणूस जाड दिसतं. मी हसले. बोलायचं ठरवलं होतं, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात नातवाने काहीतरी सांडलं आणि ती धावली. तिने परत येऊन विचारलं, काय सांगत होतीस? म्हटलं, काही नाही गं.

हेच यांनीही म्हटलं होतं.

सोमवार, १७ मार्च. सकाळी १०.

दूध तापवलं. केर काढला. कोटाची दुसरी बाही बसवली. नेट चालू आहे, दिवे हिरवे आहेत, पुस्तक वाचनालयाला परत गेलं. निमित्त शिल्लक नाही.

उघडलं.

पहिल्या पानावर हॉस्पिटलचं नाव, पत्ता, नमुन्याचा क्रमांक, माझं वय. वय एका वर्षाने चुकलंय. तेच दोनदा वाचलं. मग खाली आले.

नमुना अपुरा. निष्कर्ष काढता येत नाही. तपासणी पुन्हा करणे आवश्यक. रुग्णाने तीन दिवसांच्या आत संपर्क साधावा.

तारीख ४ मार्च. पुढची तीन ईमेलही तीच, फक्त 'तातडीचे' हा शब्द वाढलेला.

म्हणजे तिथे काहीच नव्हतं. हो नाही, नाहीही नाही. ज्याला मी तेरा दिवस दाराबाहेर थोपवून धरलं, ते 'पुन्हा या' एवढंच सांगायला आलं होतं. आणि गाठ इथे आहे, माझ्याबरोबर, तेरा दिवस जास्तीची. आरशासमोर उभी राहून बोटांनी चाचपली. वाटाणा आता म्हणवत नाही.

मंगळवार, १८ मार्च.

सकाळी आठला हॉस्पिटलात गेले. रिसेप्शनवरच्या बाईंनी नाव ऐकल्याबरोबर मान वर केली. म्हणाल्या, तुम्हीच का त्या पाचव्या प्रकरणाच्या? आणि मला रांगेत पुढे घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, एवढा उशीर का केलात? म्हटलं, आमच्याकडे अपग्रेडनंतर नेट... ते वाक्य मी पुरं केलं नाही. म्हटलं, भीती वाटली.

या वेळी दोन तुकडे काढले. सुई मोठी होती.

बाहेर येऊन बाकावर बसले आणि मुलीला फोन लावला. सगळं सांगितलं, गाठ कधी सापडली, रिपोर्ट कधी आला, मी कधी उघडला. मला वाटलं, लाइन गेली, पण हॅलो हॅलो केलं नाही. थांबले. मग ती म्हणाली, मी आज निघते. मी म्हटलं, ये.