रन-फ्लॅट टायर आणि हिची कंबर

४ मार्च, सकाळ

आजपासून रोज लिहायचं. रिटायर झाल्यावर माणूस ढिला पडतो म्हणतात. मी पडणार नाही.

परिस्थिती अशी. ही लेकीकडे आहे. तात्पुरती. नवी गाडी दाखवायला म्हणून आम्ही दोघं गेलो होतो. गाडी प्रीमियम आहे. सेकंडहँड आहे, पण मी सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. (सांगतो सगळ्यांना.) तीन तासांचा रस्ता. लेकीच्या दारात उतरताना हिने कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, तुम्ही या आता, मी काही या गाडीतून परत येणार नाही. मग मी आलो.

कारण उघड आहे. टायर.

काल दिवसभर नेटवर वाचलं. माझ्या गाडीला रन-फ्लॅट टायर आहेत. पंक्चर होऊन हवा पूर्ण गेली तरी गाडी ऐंशी किलोमीटर चालत राहते, कारण टायरच्या बाजू जाड आणि ताठ असतात. ताठ असल्यामुळे रस्त्यातला प्रत्येक धक्का सरळ सीटमधून कमरेत. जगभर लोक याबद्दल तक्रार करतात. म्हणजे चूक माझी नाही, हिचीही नाही. टायरच्या बाजूंची आहे. वाचून बरं वाटलं.

संकल्प: महिनाअखेरपर्यंत राइड कम्फर्ट सुधारायचा आणि हिला घेऊन यायचं.

५ मार्च

त्या प्रवासाची शास्त्रीय उजळणी केली.

निघताना ठीक होतं. मग हिने डोळे मिटले. मोठ्या पुलावर सिमेंटचे जोड आहेत. पहिला जोड आला तेव्हा मी हिला हलवून विचारलं, धक्का जाणवला का. म्हणाली, कसला धक्का, मी झोपले होते. दुसऱ्या जोडाला परत उठवलं. मग तिसऱ्या. पूल संपल्यावर ही झोपलीच नाही. खिडकीबाहेर बघत बसली ती लेकीच्या घरापर्यंत. यावरून राइड किती हार्श असेल याची कल्पना यावी.

चहाला थांबू या असं दोनदा म्हणाली होती. पण त्या वेळी ॲव्हरेज इतकं सुंदर पडत होतं की थांबायचं जिवावर आलं.

७ मार्च

प्रयोग सुरू. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांना बाजारापर्यंत लिफ्ट दिली. हे गणित शिकवायचे, त्यामुळे निरीक्षण नेमकं असणार. डॅशबोर्डवर पाण्याचा ग्लास ठेवला, काठोकाठ भरून. स्पीडब्रेकरला ग्लास मास्तरांच्या मांडीवर.

मी विचारलं, किती सांडलं, अर्ध्याच्या वर की खाली? मास्तर पँट झटकत बाजारात उतरून गेले. येताना रिक्षाने आले असावेत. पँट ओली असल्यामुळे सीट खराब होऊ नये म्हणून. सज्जन माणूस.

निष्कर्ष: राइड वाईट.

९ मार्च

संकल्प: हिच्याशी फोनवर टायरचा विषय काढायचा नाही. फक्त घरगुती बोलायचं.

९ मार्च, दुपार

फोन केला. हिने विचारलं, जेवलात का. म्हटलं, हो. मग पुढे काय बोलायचं ते सुचेना. तेव्हा जरा टायरच्या बाजूंबद्दल सांगितलं. हिने फोन लेकीला दिला. लेकीने ऐकून घेतलं आणि जावयाला दिला. जावई म्हणाला, बाबा, आवाज तुटतोय. एकूण घरातल्या सगळ्यांनाच या विषयात रस आहे असं दिसतं.

कधी येतेस, हे विचारायचं राहून गेलं.

१२ मार्च

उपाय सापडला. कुणालाच कसा सुचला नाही. टायरमधली हवा कमी करायची. हवा कमी म्हणजे टायर मऊ, टायर मऊ म्हणजे कंबर सुखी. चारही चाकांतली हवा स्वतः सोडली. खाली बसताना माझीच कंबर धरली, पण ते वेगळं.

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आहे. हवा कमी आहे म्हणतो. ते मला माहीत आहे, मीच केली आहे. दिव्यावर चिकटपट्टी लावली. या गाड्यांना प्रत्येक गोष्टीत तोंड घालायची सवय असते.

१३ मार्च

आज गाडी बाहेर काढली नाही. कुठे जायचं नव्हतं. दुपारी खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसलो. ड्रायव्हरच्या सीटवर नाही, हिच्या सीटवर. प्रवाशाच्या जागेवरून गाडी कशी वाटते हा अभ्यासाचा भाग आहे. सीट हिने पुढे सरकवून ठेवली होती, गुडघे डॅशबोर्डला लागले. मागे सरकवली नाही. मूळ स्थिती बिघडवायची नसते.

रेडिओ ऐकला. वॉचमनने काचेवर टकटक करून विचारलं, साहेब, बरं नाही का. म्हटलं, बॅटरी चार्ज करतोय.

१६ मार्च

सकाळी रिंग रोडवर मोठी फेरी मारली. राइड सुधारते आहे. डावीकडून मागे थोडी धपधप येते, पण ती मऊपणाची धपधप आहे.

घरी येऊन ओट्याशी उभ्यानेच जेवलो. एका माणसासाठी टेबल पुसायचं, मग परत पुसायचं, यात तथ्य नाही. घरात फ्रिजचा आवाज फार येतो हल्ली. मेकॅनिकला दाखवायला हवा. पूर्वी येत नव्हता. किंवा ही सारखी बोलत असायची म्हणून ऐकू येत नसेल. करमत नाही. लिहून ठेवतो, कुणी वाचणार नाही म्हणून.

१९ मार्च

मास्तर जिन्यात भेटले. म्हटलं, चला, आता राइड बघा. म्हणाले, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. म्हटलं, मग चालायच्या बागेपर्यंत सोडतो. म्हणाले, बागेपर्यंतही चालतच जायला सांगितलंय.

तब्येत काळजीची दिसते.

२१ मार्च

टायरवाल्याकडे गेलो. गाडी दुकानात शिरताच तो उठून उभा राहिला. मला वाटलं, गाडी बघून. त्याने मागचं डावं चाक बघितलं आणि विचारलं, अशी किती दिवस चालवताय. त्यात हवाच नव्हती. अजिबात. खिळा होता. आत टायर झिजून भुकटी झाली होती, ती त्याने ओंजळीत घेऊन दाखवली.

मी त्याला समजावलं की हवा गेली तरी चालणं हाच या टायरचा गुण आहे. तो म्हणाला, चालतो, पण दुकानापर्यंत पोचायला. रोज फिरायला नाही. दिवा लागला नाही का, असंही त्याने विचारलं. मी चिकटपट्टीबद्दल काही बोललो नाही. गिऱ्हाइकाने सगळंच सांगायचं नसतं.

शेवटी निर्णय झाला. रन-फ्लॅट बंद. चारही टायर साधे, उंच बाजूचे, मऊ. तो म्हणाला, साहेब, तुमच्या गाडीत स्टेपनी नाही, ठेवायला जागाही नाही. साधा टायर वाटेत फाटला तर उभे राहाल. म्हटलं, मी काही जंगलात जात नाही, बायकोला आणायला जातोय. तो म्हणाला, मग घाला.

२२ मार्च

अप्रतिम. शब्द नाहीत. गल्लीतले खड्डे गेल्यासारखे वाटले. पाण्याचा ग्लास ठेवून स्पीडब्रेकरवरून गेलो, दोन थेंब सांडले, तेही ग्लास माझ्याच हाताने हलला म्हणून.

साक्षीदार नव्हता. मास्तरांच्या दाराची बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता, तो बंद झाला. दार कुणी उघडलं नाही.

हिला फोन करून सांगणार होतो, पण नको. न सांगता जायचं. दारात गाडी उभी करायची आणि फक्त म्हणायचं, बस.

२५ मार्च, सकाळी आठ

निघतो आहे. गाडी धुतली. हिच्या सीटवर छोटी उशी ठेवली, कमरेला. आणि ठरवलं आहे, चहाला थांबायचं. ॲव्हरेज गेलं खड्ड्यात.

घरातला फ्रिज आज शांत होता.

२५ मार्च, लेकीच्या घरून

झालं ते असं. पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला लोखंडी पट्टी पडली होती. टायरची बाजू उभी फाटली. गाडीतलं पंक्चरचं औषध फक्त खिळ्याच्या भोकाला चालतं. फाटलेल्या बाजूतून ते सगळं माझ्या बुटांवर आलं. रन-फ्लॅट असते तर आरामात पोचलो असतो हे खरं आहे. पण मग हिची कंबर?

तासभर उभा होतो. ज्यांना फोन करता येईल अशी नावं मोबाइलमध्ये शोधली. ऑफिसमधल्यांची खूप आहेत. त्यांना काय सांगणार. शेवटी जावयाला केला. त्याने एकही प्रश्न विचारला नाही, म्हणाला, सावलीत थांबा, येतो. गाडी उचलून न्यायला ट्रक त्यानेच पाठवला.

तो आला, त्याच्या त्या जुन्या छोट्या गाडीतून. मागच्या सीटवर लेक आणि ही. हिने येताना पाण्याची बाटली आणि माझी टोपी आणली होती. उन्हात उभे राहिलात का एवढा वेळ, म्हणाली. एवढंच.

मी पुढे बसलो. ती गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. सीटमधला स्पंज कधीच मेलेला, दार आतून दोरीने बांधलेलं. जावई कुणी न सांगता चहाला थांबला. सगळ्यांनी चहा घेतला. लेकीने काहीतरी सांगितलं, ही हसली. हिला हसताना बघून बरेच दिवस झाले होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मग पूल आला. पहिल्या जोडाला माझे दात आपटले. मागे वळून विचारणार होतो, जाणवला का. ही लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. तोंड थोडं उघडं. दुसरा जोड आला, तिसरा आला, सगळी गाडी खडखडली, ही हलली नाही. लेकीने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

मी पुढे बघत बसलो. पूल बराच लांब आहे.

त्या गाडीचे टायर कुठल्या कंपनीचे आहेत हे जावयाला विचारायला हवं.

२६ मार्च

नवा टायर बसून गाडी दुपारी तयार होऊन आली.

हिच्याशी बोललो. कंबर कशी आहे विचारलं. म्हणाली, कमरेला काय झालंय? तर म्हटलं, त्या दिवशी उतरताना हात ठेवलास. म्हणाली, या वयात कुठूनही उठताना ठेवते, तुमचं लक्ष नसतं. मी टायर बदलल्याचं सांगितलं, सगळं, अगदी थोडक्यात. हिने ऐकून घेतलं. भाजी निवडत होती. मग म्हणाली, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, खरंच. पण मी राहते अजून इथे. इथे झोप चांगली लागते.

किती दिवस, विचारलं. म्हणाली, बघू.

गादी कुठली आहे ते विचारून घेतलं. साधी कापसाची आहे.

तुम्ही पण राहा दोन दिवस, असंही म्हणाली. मी म्हटलं, नको, घरी कामं आहेत. का म्हटलं कोण जाणे. कामं नाहीत.

२७ मार्च, संध्याकाळ, घरी

पोचलो.

निघताना हिने पिशवी दिली. पातळ भाजीचा डबा, पोळ्या, माझ्या गोळ्या, आणि ती छोटी उशी परत. मला कशाला, तुम्हालाच लागेल, म्हणाली. पिशवी हिच्या सीटवर ठेवली. गाडी सुरू केल्यावर बेल्टची घंटी वाजायला लागली. पिशवी जड होती, गाडीला वाटलं कुणी बसलं आहे. बराच वेळ वाजत राहिली. शेवटी बाजूला घेऊन पिशवीला बेल्ट लावला, तेव्हा गप्प झाली.

चहाला थांबलो. एकटा चहा लवकर संपतो.

राइडबद्दल नोंद. उत्कृष्ट. पुलाचा पहिला जोड कधी आला आणि गेला कळलंच नाही. दुसऱ्याला मी म्हटलं, जाणवला का? मोठ्याने म्हटलं. मग शेजारी पिशवी दिसली. तिसऱ्याला काही म्हटलं नाही.

भाजीचा एक थेंब सांडलेला नाही. झाकण उघडून पाहिलं आणि परत लावलं. पिशवी अजून खाली गाडीतच आहे, बेल्ट लावलेली. थोड्या वेळाने जाऊन आणतो.