अप्पांच्या अंगातला रंग

प्रिय अप्पा,

आज दादाचा लघवीचा रिपोर्ट आला. वाचला आणि पहिली तुमचीच आठवण झाली, म्हणून लिहितेय. तुम्ही असताना हा विषय घरात निघायचा नाही. तुम्ही त्याला नुसतं 'रंग' म्हणायचात.

डोंबिवलीच्या डाय कंपनीतून तुम्ही रंग घरी आणायचात. बनियन गुलाबी, रुमाल गुलाबी, उशीचा अभ्रासुद्धा. आईने तुमची बादली वेगळी ठेवलेली. ठाकुर्लीच्या त्या चाळीत मोरीचं पाणी लाल वाहिलं की शेजारी ओळखायचे, अप्पा कामावरून आले.

मग लघवी लाल झाली तर त्यात नवल काय? रिटायर झाल्यावरही मधूनमधून लाल व्हायचीच. तुम्ही म्हणालात, "इतकी वर्षं अंगात मुरलाय, आता उतरतोय." कंपनीतले तुमचे मित्रही तेच सांगायचे. दुखत नाही ना, मग सोडा.

दुखत नव्हतं, तीच तर गोम होती. मूत्राशयाच्या कॅन्सरचं रक्त बरेचदा असंच न दुखता जातं. डॉक्टरांनी हे सांगितलं, रंगाच्या कारखान्यातल्या रसायनांनी तो होऊ शकतो हेही सांगितलं, तेव्हा फार उशीर झालेला.

दादाही तुमच्याच खात्यात लागला. गणपतीत माझ्याकडे वर्तकनगरला आलेला. जेवताना सहज म्हणाला, "मध्यंतरी मलाही लाल झालेली. अप्पांसारखा रंग उतरत असेल." हसत म्हणाला हो! माझा घास हातातच राहिला.

"उद्या डॉक्टरकडे चल."

"अगं, बंद झालंय आता. कशाला उगाच?"

नेलाच त्याला. डॉक्टरांनी दुर्बिणीने मूत्राशयाच्या आत बघायचं ठरवलं आणि सोबत लघवीतली कॅन्सरची खूण शोधणारी टेस्टही लिहून दिली. दुर्बिणीचं ऐकून दादाचं तोंड उतरलं. "टेस्टवरच भागणार नाही का?"

"नाही. ती नॉर्मल आली तरी आत बघावंच लागेल," डॉक्टर म्हणाले.

लॅबमधे डबी हातात घेऊन बाहेर आला तो शर्यत जिंकल्यासारखा. "बघ, कुठे काय आहे?" खरंच, लघवी स्वच्छ होती. रिपोर्ट मात्र पॉझिटिव्ह आला.

दादा म्हणाला, "अप्पांच्या वेळी ही टेस्ट करायला हवी होती गं."

त्याला मी काही बोलले नाही. तुम्हाला बोलते. अप्पा, तुमच्यासाठी टेस्ट कशाला हवी होती? तुमचं तर उघड्या डोळ्यांना दिसत होतं. का नाही दाखवलंत हो कुणाला? अजून राग येतो मला तुमचा.

सोमवारी माजिवड्याच्या हॉस्पिटलात दुर्बीण आहे. मी दादासोबत असेन. आत काय निघेल, ठाऊक नाही. पण एक शब्द देते. यापुढे आपल्या घरात कुणालाही असं लाल दिसलं, तर त्याला कुणी रंग म्हणणार नाही. रक्तच म्हणू.

तुमची,
सुमा