अडतीस मीटरवरची जखम

प्रिय ताता,

आपलं रेडिओ केंद्र पुन्हा सुरू झालं. हे आधी सांगते, नाहीतर तुम्ही पत्राचा शेवटच आधी वाचाल. चौदा महिन्यांनी काल सकाळी आपल्या गावाचा आवाज डोंगरापलीकडे पोचला. सासिमिरामावशी चरायला नेलेल्या लामा तशाच सोडून धावत आली. म्हणाली, अगं निएवेस, माझ्या चुलीपाशी रेडिओतून तू बोलतेयस की तुझं भूत? मी इतकी खूश आहे ना, अक्षर वाकडं येतंय.

तुम्ही कोचाबांबाला गेलात तेव्हाच मी ठरवलं होतं, अँटेनाची वायर कुठे बिघडलीय ते शोधून काढायचंच. भर सभेत एपिफानियोकाका बोलले, म्हाताऱ्याचा हात गेला, मनोऱ्यावरचा सांधा यानेच बिघडवला.  तुम्ही पक्कड टेबलावर ठेवलीत आणि बस धरलीत. मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगू, थोडा तुमचाही.

शेवटी ओरुरोहून एक यंत्र मागून आणलं. ते वायरीत सिग्नल सोडतं. वायर दुखावली असेल तिथून तो माघारी येतो, दरीत हाक मारल्यावर प्रतिध्वनी येतो तसा. किती वेळात परतला त्यावरून अंतर कळतं. अडतीस मीटर निघालं. टेप धरून गेलो तर थेट अंगणात, पाचामामाला, आपल्या धरतीमातेला, नैवेद्य देतो त्या खड्ड्यावर. सगळे दोन पावलं मागे सरकले. ऑगस्टमधल्या पूजेशिवाय तो कोण उघडणार? मावशीने कोकाची पानं टाकून धरतीमातेला विचारलं, बरेच आढेवेढे घेऊन होकार मिळाला. खणलं तर वायरीला पहारेचा घाव, आणि आत मुरलेली बिअर. दरवर्षी आपण धरतीमातेला पाजायचो, पीत होती वायर. हसून हसून पोट दुखलं.

फक्त एपिफानियोकाका हसले नाहीत. दर ऑगस्टला खड्डा उघडताना पहार मारायचा मान त्यांचाच ना. टोपी काढून तिथेच मातीत बसले. तेवढा तुकडा बदलून मी पुन्हा मोजलं. तुमच्या सांध्यापाशी यंत्राच्या पडद्यावरची रेघ जरासुद्धा हलली नाही, ताता. सांधा अगदी नव्यासारखा आहे.

हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. ज्यांनी ते तुमच्या हातात दिलं ते अजून दारातच उभे असतील. माफी माझी मीच मागेन म्हणाले, पण तो मला दारात तरी उभं करेल का, असं विचारत होते. म्हणून लिहिलं. काकांना आत घ्या, सूप पाजा, आणि परतीच्या बसने दोघे मिळून घरी या.

तुमचीच लेक,
निएवेस