आईच्या पाळण्याचे खिळे

प्रिय अप्पा,

तुमचं वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यात आहे. त्या दिवशी तुमच्याबद्दल दोन शब्द बोल, असं तुमचा थोरला लेक, अण्णा म्हणाला. मला चार माणसांत बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून आधी तुम्हालाच लिहितेय.

काल साहेबांचं घर पाहून आले. दिल्लीत एवढे मोठे पुढारी झाले, पण वाढले ते आपल्याच भागातल्या साध्या घरात, हे तुम्ही किती अभिमानानं सांगायचात! ते घर जतन करायचं ठरलं तेव्हा तुम्ही सारखे तिकडे जायचात. आम्हाला मात्र कधीच नेलं नाहीत. का, ते काल कळलं.

आतल्या खोलीत दोरीच्या आड पाळणा टांगलाय. ‘साहेबांचा पाळणा’ अशी पाटी. मी पुढं वाकले आणि दांडीवरचे पितळी खिळे दिसले.

आपल्या घरात प्रत्येक बारशाला आपल्या पाळण्याच्या दांडीवर असा एक खिळा ठोकायचे. शेवटचा माझा. त्या दिवशी सुतार आला नाही, म्हणून आत्यानं वरवंट्यानं ठोकला आणि तो वाकला. लहानपणी आई माझं बोट धरून त्यावर फिरवायची. काल मी दोरीवरून हात घालून चाचपलं. अप्पा, तो माझाच खिळा होता!

“हात लावू नगा, अक्का,” राखणदार म्हणाला. “साहेब ह्याच्यात झोपलेत.”

मग हे खिळे कशाचे, मी विचारलं.

“नक्षी हाय ती.”

मी हुलसूरची म्हटल्यावर तो जरा मोकळा झाला. घर रिकामंच होतं, सामान गावोगावहून गोळा केलं, असं हळूच सांगितलं. “पाळणा तर तुमच्याच गावच्या एका मास्तरानं दिला. सोता टेम्पोत बसून आला. लई खूश होता माणूस.”

लई खूश होता!

माझ्या पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले, तेव्हा आईनं तुम्हाला पाळणा काढायला सांगितला. वाळवीनं खाल्ला, जळणात टाकला, असं तुम्ही म्हणालात. बारसं शेजाऱ्यांच्या पाळण्यात झालं. सासरची माणसं जमलेली, आई कुणाकडे बघेना. “मीच ओल्या खोलीत ठेवला गं. माझंच चुकलं,” ती म्हणाली. तुम्ही समोर बसून भाकरी मोडत राहिलात.

पुढं कुणाचंही बारसं निघालं की ती हेच म्हणायची. शेवटच्या आजारपणातही म्हणाली. तेव्हा तुम्ही तिच्या उशाशी होतात. एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

पाळणा दिलात, याचा राग नाही. मागितला असतात तर तिनं स्वतः पुसून, हळदकुंकू लावून दिला असता. ती तुम्हाला कधी नाही म्हणाली होती? शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना तुम्ही बाकावर उभं करायचात, अप्पा.

पाळणा मी परत मागणार नाही. पाटीही राहू दे.

पण वर्षश्राद्धाला मी बोलणार आहे. अण्णाला वाटतंय, मी तुमच्या शिस्तीबद्दल सांगेन. मी एवढंच सांगेन, की आईच्या पाळण्याला वाळवी लागली नव्हती. ती ओल्या खोलीत ठेवून विसरली नव्हती. मग पानं वाढायला उठेन. तुमच्या पानात गव्हाची गोड हुग्गी मीच वाढेन, तुम्हाला आवडायची तशी, भरपूर तूप घालून.

तुमची मुलगी,
शैला