एकवीस ठिपक्यांचं कोलम

अंबावन्सं,

सांबार गरम करून घ्या, तळलेलं अप्पळम डब्यात आहे. हरिप्रियाला घेऊन मी तिरुवैयारुला आईकडे जाते आहे. शाळा सुटल्यावरच्या तुमच्या सक्तीच्या गणिताच्या वर्गाला ती आता येणार नाही. कच्च्या मुलांना जास्त शिकवावं, हे मलाही पटतं. पण काल सगळ्या वर्गासमोर सख्ख्या भाचीला म्हणालात, "हिला वीसपर्यंत मोजता येत नाही." माझं लेकरू घरी येऊन जेवलंसुद्धा नाही.

मार्गळी महिन्यात रोज दारात रांगोळीने तुमच्या कोलमाच्या एकवीस-एकवीस ठिपक्यांच्या रांगा तीच मांडते, एकही न चुकता. गेल्या वर्षीच्या कोलम स्पर्धेचं बक्षीस मात्र तुम्ही घेतलंत.

उद्या राजवाड्याजवळ पुन्हा स्पर्धा आहे. ठिपके तुमचे तुम्हीच मांडा. वीसच्या पुढे मोजता येतं ना?

दिव्यश्री